पन्नास मीटरवर उभं राहून मागे वळून पाहिलं तेव्हा

नेमबाजीच्या रेंजवर फोन केला तेव्हा मला सांगितलं होतं, "लाइनवर कायम रेंज ऑफिसर (गोळीबारावर देखरेख करणारा) असतो, काळजीच करू नका." तेवढ्या भरवशावर मी आणि माझा धाकटा भाऊ पहाटे निघालो आणि चार तास गाडी चालवून रेंजवर पोहोचलो. तिथे ऑफिसर एक आणि शेड दोन. तो पिस्तुलांच्या शेडमध्ये गेला की रायफलींच्या लाइनकडे बघायला कुणी नाही. तुम्ही जाणार असाल तर "ऑफिसर असतो का" असं विचारूच नका. एका ऑफिसरकडे किती लेन (एकेका नेमबाजाच्या जागा) असतात, आणि तो जागेवरून उठला तर फायरिंग बंद करता का, हे विचारा. समोरचा उत्तर देताना घुटमळला तर दुसरी रेंज शोधा.

सकाळचे दोन तास छान गेले. अकरानंतर गर्दी झाली आणि आमच्या डाव्या हाताच्या लेनवर दोघं आले. एक पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांचा मेहुणा. मेहुण्याची पहिलीच वेळ. त्याचं बोट माझ्या नजरेतून सुटेना. रायफल टेबलावरून उचलताना, काडतूस भरताना, बोलताना, सतत ट्रिगरवर. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, नळीला समांतर ठेवायचं, ही पहिल्या पाच मिनिटांत शिकवायची गोष्ट. त्याला ती कुणी सांगितलेली दिसत नव्हती.

थोड्या वेळाने त्याच्या रायफलीतून नुसतं 'टक्' झालं, गोळी सुटली नाही. रायफल हातात तशीच आडवी धरून तो मागे वळला, "दाजी, हे काय झालं?" त्या वळण्यात नळी माझ्या पोटासमोरून गेली. नळीचं ते काळं भोक मला आत्ताही दिसतंय. न उडालेलं काडतूस उशिरा पेट घेऊ शकतं. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबायचं आणि मगच बोल्ट, म्हणजे काडतुसाची जागा मागून बंद करणारा दांडा, उघडायचा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका आला तर पुढची गोळी अजिबात झाडायची नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते.

मी एवढंच म्हणाले, "दादा, नळी समोर." त्याने लगेच फिरवली. आधी माफी मागत, प्रस्तावना करत बोललात तर तेवढा वेळ नळी तुमच्यावरच राहते. कानांवर इअरमफ असतात, म्हणून शब्द दोन-तीनच, पण मोठ्याने. त्याचा हात धरू नका, मागून खांद्याला हात लावू नका. माणूस दचकतो, मूठ आवळली जाते आणि बोट ट्रिगरवर असतं. त्याच्या मागे, बाजूला उभं राहून बोला आणि रायफल टेबलावर गेली की मग नीट समजावा.

खरं म्हणजे आम्ही तेव्हाच आवरायला हवं होतं. चार तास प्रवास करून आलोय, हा विचार आडवा आला.

मग टार्गेट बदलण्यासाठी फायरिंग थांबलं. अशा वेळी सगळ्या रायफली टेबलावर, बोल्ट उघडे, मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढलेलं, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, ते रिकामं आहे हे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग, आणि माणसं टेबलापासून मागे पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे. पुढे माणसं असेपर्यंत बंदुकीला बोटही लावायचं नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत हा फ्लॅग सक्तीचा असतो. इथे निम्म्या टेबलांवर तो नव्हता, आणि हे बघूनही मी पुढे गेले.

पन्नास मीटरवर मी कागद ठोकत होते, भाऊ माझ्या शेजारी पाठमोरा, तोंडात पिना धरून. सहज मागे वळून पाहिलं तर ते गृहस्थ टेबलावर वाकलेले, दस्ता खांद्याला, डोळा दुर्बिणीला. मेहुण्याला गोळ्या कुठे लागल्या ते दाखवत होते. नळी आमच्याकडे. मी भावाची कॉलर धरून त्याला बाजूला ओढलं, दोन्ही हात वर करून ओरडले. कुणाला ऐकू जाईना. शेवटी तिसऱ्या लेनवरच्या एका बाईंचं लक्ष गेलं आणि त्या खणखणीत आवाजात ओरडल्या, "हात काढा त्याच्यावरून!"

आम्ही परत आल्यावर ते म्हणाले, "अहो ताई, रिकामी आहे ती." त्या वाक्याने माझा संताप झाला. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी तिथेच असते. रिकामी आहे असं समजूनच माणसं चुकतात, म्हणून तर प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं असतं. पॉइंट टू टू (.22 इंची काडतूस) म्हणजे छोटी गोळी, असंही ते म्हणाले. त्या काडतुसांच्या पाकिटावर सव्वा ते दीड मैलांपर्यंतच्या धोक्याची सूचना छापलेली असते. मी पन्नास मीटरवर होते.

म्हणून सांगते, दोघं असाल तर दोघांनी एकदम पुढे जाऊ नका. एकाने पिवळ्या पट्ट्याच्या मागे थांबायचं आणि फक्त टेबलांवर नजर ठेवायची. एकटे असाल तर निघण्याआधी प्रत्येक टेबलावरचा बोल्ट स्वतः बघा. एक जरी बंद दिसला तर जाऊ नका, बाकीचे खोळंबले तरी चालेल. आणि 'थांबा, फायर बंद' ही हाक कुणीही द्यायची असते, तो ऑफिसरचा एकट्याचा अधिकार नाही. नवखे असलात तरी द्या.

ऑफिसरकडे तक्रार करताना 'तो बेजबाबदार आहे' असं म्हणून उपयोग होत नाही. मी लेन नंबर सांगितला आणि काय पाहिलं ते सांगितलं: माणसं पुढे असताना रायफल खांद्याला लावली. ऑफिसर "बोलतो त्यांच्याशी" म्हणाला आणि पिस्तुलांकडे निघून गेला. आम्ही रायफली केसमध्ये घातल्या. माझं मत पक्कं झालंय: नळी पहिल्यांदा फिरली की बोला, दुसऱ्यांदा फिरली की निघा.

आणखी एक. शक्यतो डावीकडची शेवटची लेन मागा. बहुतेक रायफलींच्या पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं) उजवीकडे उडतात, त्यामुळे डाव्या टोकाला शेजाऱ्याची तापलेली पुंगळी तुमच्या मानेत पडत नाही आणि लक्ष एकाच बाजूला ठेवावं लागतं. गळ्याशी बंद होणारा शर्ट तरीही घाला. पुंगळी आत गेलीच तर भाजू दे, आधी रायफल खाली ठेवा.

चाळीस काडतुसं तशीच परत आणली. पुढच्या वेळी आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, रेंज उघडताक्षणी पोहोचणार आहोत, आणि कागद बदलायला एकच जण जाणार आहे.