'इंटरेस्ट': व्याज, रस आणि हित

'इंटरेस्ट' हा शब्द आपण रोज वापरतो, पण इंग्रजी वाक्यात बसवताना चुकतो ते त्याच्या सोबतच्या क्रियापदात आणि शब्दयोगी अव्ययात.

आधी पैशाचा अर्थ. मराठीत व्याज 'भरतात', म्हणून 'फिल इंटरेस्ट' लिहिलं जातं. बरोबर जोडी 'पे इंटरेस्ट'. बँक व्याज आकारते तेव्हा 'चार्ज', ठेवीवर मिळतं तेव्हा 'अर्न'. कर्जावरचं व्याज 'इंटरेस्ट ऑन अ लोन', दर सांगताना 'अॅट ९ पर्सेंट इंटरेस्ट'. या अर्थी अनेकवचन होत नाही. 'इंटरेस्ट्स' म्हटलं की हितसंबंध किंवा आवडीनिवडी समजल्या जातात.

रस या अर्थी पुढे 'इन' येतं, 'ऑन' नव्हे. खरी मेख आहे ती 'अॅन'मध्ये. 'शी टूक अॅन इंटरेस्ट इन बॉटनी' यात 'अॅन' हवंच, मराठी कानाला ते फालतू वाटतं म्हणून गळतं. उलट 'ही लॉस्ट इंटरेस्ट इन क्रिकेट' यात ते नको. 'शो'बरोबर दोन्ही चालतं. नियम शोधत बसण्यापेक्षा पूर्ण जोडीच पाठ करावी, असं माझं ठाम मत आहे.

हिताच्या अर्थाचे साचे ठरलेले आहेत: 'इन द पब्लिक इंटरेस्ट', 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट', आणि बहुधा अनेकवचनी 'व्हेस्टेड इंटरेस्ट्स'. पहिल्यातला 'द' गाळू नका.

कंपनीतला हिस्साही 'इंटरेस्ट'च: 'अ कंट्रोलिंग इंटरेस्ट इन द कंपनी'. इथेही 'इन'च, त्यामुळे अर्थ संदर्भावरून ओळखायचा.