तीन दिवस की चार?

१२ जानेवारी हा सोलापुरात हुतात्मा दिन, त्यातच युवा दिन. त्यामुळे जानेवारीचा पहिला आठवडा आमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात वक्तृत्व स्पर्धेच्या मुलांचा. यंदा त्यातला एक मुलगा वेगळा प्रश्न घेऊन आला. ‘सर, १९३० साली सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होतं की चार? मोबाइलवर दोन्ही सापडतंय.’

बहुतेक जण ‘मार्शल लॉवरचं (१९३०च्या लष्करी कायद्यावरचं) पुस्तक द्या’ एवढंच म्हणतात. नेमका प्रश्न असला की शोध कुठे थांबवायचा ते कळतं. भाषण सात मिनिटांचं होतं. तेवढ्यात साधारण आठशे शब्द बसतात, म्हणजे आठ-दहा पक्के मुद्दे पुरे.

आधी मराठी विश्वकोशातली सोलापूरची नोंद वाचायला दिली. तिथून भाषण उचलायचं नसतं. नावं, सनावळ्या आणि शोधायचे शब्द तेवढे काढायचे. मग संगणकावरची तालिका, म्हणजे ग्रंथांची यादी. त्याने ‘सोलापूर’ टाकलं आणि हाती फार काही लागलं नाही. इंग्रजी ग्रंथांची नोंद ‘शोलापूर’च्या जुन्या स्पेलिंगखाली असते, ते वेगळं टाकावं लागतं. फाशी गेलेल्या चौघा हुतात्म्यांच्या नावांचंही तेच. कुर्बान हुसेन यांचं पूर्ण नाव अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, म्हणून ‘क’ आणि ‘अ’ दोन्हीकडे बघायचं. सारडा कुठे श्रीकिसन, कुठे श्रीकृष्ण. मल्लप्पा धनशेट्टी आणि जगन्नाथ शिंदे यांच्यासाठी इतिहासाच्या ९५४ या वर्गांकाच्या कपाटापाशी अडून राहू नये. चरित्रं ९२०ला असतात. ‘सविनय कायदेभंग’ या विषयाखाली आणखी काही निघतं.

मी येईपर्यंत त्याने गॅझेटियरचा, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचा, एक खंड काढून पानं उलटायला सुरुवातही केली होती. मुखपृष्ठावर ‘शोलापूर’ बघून घेतलेला, पण तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड, १८८४चा. त्यात १९३० कुठून येणार? जिल्हा गॅझेटियरची सुधारित आवृत्ती १९७७ची, ती काढायची. म्हणून पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकपानाची मागची बाजू बघावी. पुनर्मुद्रण असेल तर तिथलं साल अलीकडचं दिसतं आणि मजकूर मात्र जुनाच असतो.

टिपणं वहीत घेऊ दिली नाहीत. तालिका संगणकावर गेल्यापासून पाच बाय तीन इंचांची जुनी तालिकापत्रं आमच्याकडे गठ्ठ्याने पडून आहेत, पाठ कोरी. एका पत्रावर एकच मुद्दा, खाली ग्रंथाचं नाव, आवृत्तीचं साल, पान. वहीत मुद्दे एकाखाली एक अडकून पडतात; पत्रं टेबलावर पसरून क्रम बदलता येतो.

एका पत्रावर त्याने लिहिलं होतं : ‘फाशी, जानेवारी १९३०’. चौघांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ला. चूक कुठे झाली ते शोधलं. पुस्तकात पौष शके १८५२ असं होतं आणि त्याने इसवी सन काढायला सरसकट ७८ मिळवले. शक बदलतो चैत्रात. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे असतात. जुन्या मराठी चरित्रांवरून बोलणाऱ्या कितीतरी मुलांचं साल इथेच घसरतं.

राहिला मूळ प्रश्न. तारखा चार पत्रांवर मांडल्या. ४-५ मेच्या रात्री गांधीजींना अटक. ८ मेला सोलापुरात गोळीबार. ९, १० आणि ११ मे, शहरात इंग्रजांची सत्ता उरली नव्हती असे सांगितले जाणारे दिवस. १२ मेला मार्शल लॉ जाहीर. जे तीन म्हणतात ते बारा तारीख सोडतात, जे चार म्हणतात ते ती धरतात. पोराचा चेहरा खुलला. त्याला म्हटलं, भाषणात आकडा नको, तारखाच सांग. परीक्षकांनी विचारलंच तर मोजणी कुठून कुठपर्यंत ते सांगता आलं पाहिजे.

वर्तमानपत्रांचे बांधीव अंक शेवटी दिले. खंड उभा ओढायचा नाही, दोन्ही हातांनी आडवा उचलायचा. झेरॉक्स तर नाहीच. दाबला की शिवण उसवते आणि कडा भुग्यासारख्या गळतात. फ्लॅश बंद ठेवून फोटो चालतो. अंकावरच्या तारखेलाच घटना घडली असं धरू नये. बातमी निदान एक दिवस आधीची असते.

बाहेर पडताना त्याने एक पत्र पुढे केलं. मिरवणुकीतल्या गर्दीचा आकडा, तीन पुस्तकांत तीन वेगळे, आणि कुणीच आधार दिलेला नाही. ‘हे काय करू?’

‘वगळ.’

त्याने ते पत्र गठ्ठ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवलं.