न्हाणीच्या भिंतीचं पोट

जांबोटीकडच्या एका जुन्या चिऱ्याच्या घरात न्हाणीला टाइल्स लावायचं काम होतं. टाइल्स आणि केमिकलच्या पिशव्या आधीच येऊन पडलेल्या. काका म्हणाले, "मिस्त्री, पाऊस लागायच्या आत उरका. भिंत जरा वाकडी आहे, पण केमिकल जाड मारलं की होतंय म्हणाला दुकानदार."

मी ओळंबा सोडला. दारासमोरच्या भिंतीला मधोमध दीड इंच पोट. सहा फुटी पट्टी लावली तर ती डुलायलाच लागली. कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, धरला, तर कोपराही काटकोनात नाही.

केमिकल टाइल चिकटवायला असतं, भिंत सरळ करायला नव्हे. चार-सहा मिलिमीटरचा थर पुरतो. इंचभर थापलं तर टाइल ओल्यातच खाली घसरते आणि वाळताना थर आकसून सांधे फाटतात. काकांना ते पटेना. मग हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून आवाज ऐकवला. सगळीकडं बद्द बद्द, म्हणजे गिलावा आतून सुटलेला. त्यावर ते काही बोलले नाहीत.

छिन्नी लावली तसा परातीएवढा गिलावा एकदम निघून आला, आणि आतला थर कोळशासारखा काळा. न्हाणीत पूर्वी चुलाण होतं, वर पाण्याचा हंडा. ती काजळी न काढताच कुणीतरी वरून चुना आणि मग सिमेंट मारलेलं. काजळीवर सिमेंट काय धरणार? "नोड्री मेस्त्री," म्हणजे 'बघा मिस्त्री', असं कानडीत म्हणत माझ्या गड्यानं पोटाच्या जागी बोट दाखवलं. तिथं बुजवलेला कोनाडा होता. त्यात कौलांचे तुकडे आणि माती ठासलेली. पाणी पिऊन तीच माती फुगून गिलाव्याला बाहेर ढकलत होती. आजी दारात येऊन म्हणाल्या, "अगो बाई, माझा दिव्याचा कोनाडा! मामंजींनी बुजवलान तो."

सगळं चिऱ्यापर्यंत उतरवलं. काजळी तारेच्या ब्रशनं घासली, सांध्यातली सुटी माती खरवडून काढली. चिरा पाणी फार पितो; कोरड्यावर मारलं तर तो मालातलं पाणी ओढतो आणि प्लास्टर भुसभुशीत होतं. म्हणून भिंत भिजवून आधी सिमेंट-वाळूचा पातळ शिडकावा केला. मग ओळंब्यात ठिय्ये, म्हणजे प्लास्टरची पातळी ठरवणारे मालाचे ठिपके, मारले. खोलगट जागा एका दमात भरायची नाही, माल स्वतःच्याच वजनानं सुटतो. पहिला हात मारून कर्णीच्या टोकानं रेघा ओढल्या, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. माल एकास चार, एक सिमेंट नि चार वाळू. पृष्ठभाग खरबरीतच सोडला, आणि आठवडाभर पाणी मारायचं काम आजींनी स्वतःकडं घेतलं.

खरा घोळ कोपऱ्याचा होता. काटकोन साधायचा तर एका टोकाला दोन इंच माल चढणार, दाराची चौकट आत बुडणार, आणि न्हाणी मुळात चार फूट रुंद. अशा वेळी मी ओळंबा धरून राहतो, गुण्याचा हट्ट सोडतो. भिंत कललेली असली तर प्रत्येक आडव्या-उभ्या सांध्यात ती दिसते. कोपरा थोडा उघडा असला तर फक्त जमिनीच्या फरशीवर दिसतो. फरशीचे निमुळते तुकडे दारामागं घेतले. "इथं तुकडे का?" काकांनी विचारलंच. दार उघडून लावलं आणि म्हटलं, "आता दाखवा कुठं दिसतात."

कोनाडा मात्र आजींच्या हट्टापायी ठेवला, साबणासाठी. त्याची खालची टाइल पुढं दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतरती बसवली, म्हणजे पाणी साचत नाही.