नारिंगी शेपटी, आणि ती रंगवायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं

आमच्या बाबांचा जुना छंद म्हणजे संध्याकाळी गच्चीवर जाऊन विमानं बघणं. वाशीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पश्चिमेचा वारा असला की मुंबईच्या २७ नंबरच्या रनवेवर उतरणारी विमानं आपल्या डोक्यावरूनच जातात, साधारण दोन हजार फुटांवरून, चाकं बाहेर काढलेली, आणि नव्वदच्या दशकात त्यातली निम्मी तरी नारिंगी शेपटीची, म्हणजे इंडियन एअरलाइन्सची, असायची असं बाबा शपथेवर सांगतात. गणपतीच्या सुट्टीत मी फ्लाइट सिम्युलेटर लावून बसले होते तर मागून येऊन म्हणाले, "यात इंडियन एअरलाइन्स नाही का गं?" नव्हतं. नेटवर शोधलं तर एक फुकट मिळालं पण त्यात दोन्ही बाजूंना इंग्रजीच नाव. बाबांनी ते बघून नुसतं "हं" केलं. त्यांचं "हं" म्हणजे नापास.

म्हटलं आपणच रंगवू. आणि इथून माझं दीड महिन्याचं सॉफ्टवेअर-प्रकरण सुरू झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, रिपेंट म्हणजे सिम्युलेटरमधल्या विमानाच्या मॉडेलवर जे चित्र गुंडाळलेलं असतं ते बदलायचं. ते चित्र उघडून बघितलं ना की ब्लाउजचं कापड बेतून ठेवल्यासारखं दिसतं, पाठ वेगळी, बाह्या वेगळ्या, म्हणजे विमानाची डावी बाजू एकीकडे, उजवी एकीकडे, शेपटी कोपऱ्यात, इंजिनं कुठेतरी तळाला. आणि चौकडीच्या कापडात शिवणीवर रेघा जुळवताना जी बोंब होते तीच इथे पण होते, शेपटीचा नारिंगी रंग एका तुकड्यावर संपतो आणि दुसऱ्या तुकड्यावर दोन पिक्सेल वर सुरू होतो.

मॉडेल बनवणारे बहुतेक वेळा पेंट किट देतात. ती एक भली मोठी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची, फाइल असते, त्यात पत्र्याचे जोड, रिव्हेट, खिडक्या, दारं, मळ, सावल्या हे सगळं वेगवेगळ्या लेअरवर (थरांवर), आपण फक्त मधे रंगाचे लेअर घालायचे. आता पीएसडी म्हटलं की साहजिकच सगळे म्हणतात फोटोशॉप घे. ऑफिसातल्या एकाने तर पेनड्राइव्हवर "फुल व्हर्जन" देऊ केलं, मी हात जोडले, मागे असंच काहीतरी घेतलं होतं तेव्हा डेस्कटॉप फॉरमॅट करावा लागला होता. सात दिवसांचं ट्रायल मात्र घेतलं आणि खरं सांगते, सुख आहे. किट उघडलं की जसंच्या तसं उघडतं, लेअरच्या इफेक्टसकट. पण महिन्याला भाडं भरायचं, तेही एका विमानासाठी, हे काही पटेना. पूर्वी एकदा विकत घेतलं की झालं असं होतं, २०१३ पासून नवी व्हर्जन त्यांनी फक्त सबस्क्रिप्शनवरच द्यायला सुरुवात केली. ज्यांचं कामच ते आहे त्यांनी जरूर घ्यावं, माझं काम बेलापूरला बसून व्हाउचर तपासणं आहे.

मग गिंप, म्हणजे फोटोशॉपसारखंच चित्रांचं सॉफ्टवेअर. फुकट, ओपन सोर्स, आणि नाव ऐकून लोक उगाच नाक मुरडतात. मी जुन्या डेस्कटॉपवर टाकलं, त्यात ८ जीबी रॅम, किट उघडलं आणि चहा करून आले तरी उघडतच होतं. कारण नंतर कळलं. ४०९६ बाय ४०९६ चं चित्र म्हणजे १ कोटी ६७ लाख पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे एक पूर्ण लेअर ६४ एमबी, आणि माझ्या किटमध्ये पन्नासच्या वर लेअर. गुणाकार करून बघा. उपाय असा की जे लेअर हलवायचे नाहीत, म्हणजे जोड आणि रिव्हेटवाले, ते एकत्र करून टाकायचे, मी पन्नासचे अकरा केले आणि मशीनने श्वास सोडला. दुसरी गोची म्हणजे पीएसडीतले लेअर इफेक्ट त्यात धड येत नाहीत, सावली गायब, चकाकी गायब. २०२५ मध्ये गिंप ३ आलं त्यात पीएसडीचं बरंच सुधारलंय, फिल्टर पण आता नंतर बदलता येतात, तेव्हा घेणार असाल तर जुनं २.१० वालं घेऊ नका.

पेंट डॉट नेट पण लावून बघितलं. ते हलकं आहे, पटकन उघडतं, आणि डीडीएस फाइल (माझ्या सिम्युलेटरला चित्र ज्या प्रकारात लागतं ती) थेट उघडतं नि सेव्ह करतं, ही फार मोठी सोय. पण एकदा अक्षरं लिहून बाहेर क्लिक केलं की ती चित्र होऊन बसतात, परत बदलता येत नाहीत, लेअरचे ग्रुप नाहीत, पीएसडीसाठी प्लगइन टाका, अल्फासाठी (रंगांसोबतचा चौथा, पारदर्शकपणाचा चॅनेल, त्याचं पुढे सांगते) प्लगइन टाका. नुसता रजिस्ट्रेशन नंबर बदलायचा असेल, म्हणजे भारतीय विमानांच्या व्हीटी नंतरची तीन अक्षरं, तर मी आजही तेच उघडते. अख्खं विमान रंगवायला नको.

आता खरी गंमत, ती म्हणजे देवनागरी.

इंडियन एअरलाइन्सच्या जुन्या रंगात विमान मुख्यतः पांढरं, पोट फिकं चंदेरी राखाडी, शेपटी भडक नारिंगी आणि तिच्यावर पांढरा लोगो, बऱ्याच विमानांवर तोच लोगो इंजिनांवरही. खिडक्यांच्या वर नाव, एका बाजूला इंग्रजीत आणि दुसऱ्या बाजूला हिंदीत. (२००५ मध्ये नाव नुसतं 'इंडियन' झालं आणि शेपटीवर कोणार्कचं चाक आलं, ते बाबांना मान्यच नाही.) म्हणजे माझ्या विमानाचा जीव त्या हिंदी अक्षरांत. गिंपमध्ये देवनागरी नीट टाइप होते, जोडाक्षरं, वेलांट्या सगळं जागच्या जागी, पण विमानावरच्या वळणाचा फॉन्टच मिळेना. सगळे फॉन्ट एकतर लग्नपत्रिकेचे नाहीतर सरकारी परिपत्रकाचे.

शेवटी सेक्टर १७ मधल्या आमच्या नेहमीच्या फ्लेक्सवाल्या काकांकडे गेले. त्यांच्याकडे जुनं फोटोशॉप होतं, म्हटलं यात एकदा टाइप करून बघू, तर 'इंडियन' चं झालं 'इंडयिन', वेलांटी उडी मारून य वर. काका हसायला लागले. म्हणाले, "अगं ताई, म्हणून तर आम्ही श्रीलिपी वापरतो, त्यात वेलांटी आधी दाबायची." जुन्या फोटोशॉपचं टेक्स्ट इंजिन आपल्या लिपीसाठी नव्हतंच, ते नुसतं एकेक अक्षर ओळीने टाकत जायचं. अलीकडच्या व्हर्जनमध्ये ही भानगड राहिलेली नाही. पण काकांनी त्याहून भारी काम केलं. मी मोबाइलवर दाखवलेला विमानाचा फोटो कोरलड्रॉमध्ये घेतला आणि वरून एकेक अक्षर बेझियरने, म्हणजे वळवता येणाऱ्या रेषांनी, गिरवलं, वीस मिनिटांत, मधे एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरचं गिऱ्हाईक "झालं का हो" करत उभं. पैसे घेतले नाहीत, "विमानावर माझं नाव टाक" म्हणाले. (टाकलंय. मागच्या दाराच्या खाली, चार पिक्सेल उंचीचं, कुणाला वाचता येणार नाही.)

त्यांनी मला एसव्हीजी फाइल दिली, म्हणजे अक्षरं रेषांच्या रूपात, कितीही मोठी करा कडा फाटत नाहीत. ती मी घरी इंकस्केपमध्ये उघडली, ते रेषांच्या चित्रांचं सॉफ्टवेअर, ते पण फुकट, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी आतापर्यंत चुकीचा प्रश्न विचारत होते. नाव, लोगो, शेपटीवरच्या कडा, हे सगळं वेक्टरचं, म्हणजे रेषांचं, काम आहे, ते ब्रशने किंवा सिलेक्शनने करायला जाणं म्हणजे पट्टी असताना हाताने रेघ मारणं. मळ, सावल्या, पत्र्याची झाक हे पिक्सेलचं काम. एकाच सॉफ्टवेअरमध्ये सगळं बसवायचा हट्ट सोडला तर फुकटातल्या दोघांत मिळून होतं: इंकस्केपमध्ये आखा, पीएनजी काढा, गिंपमध्ये लेअर म्हणून ठेवा. ज्यांना एकाच खिडकीत दोन्ही हवंय त्यांनी ॲफिनिटी बघा, ते पूर्वी विकत होतं, कॅनव्हाने कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं. मी दोनच दिवस वापरलं, चांगलं वाटलं, पण तिथूनही शेवटी पीएनजी काढून डीडीएस दुसरीकडेच करावी लागते.

आता ही डीडीएस. माझं सिम्युलेटर एफएसएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर एक्स, २००६ चं, हसू नका, माझ्या मशीनवर तेच चालतं. त्याला चित्र डीडीएसमध्ये लागतं, बहुतेक डीएक्सटी५ प्रकारात. यात चित्राचे ४ बाय ४ पिक्सेलचे ठोकळे करतात आणि एका ठोकळ्यात दोनच रंग साठवतात, मधले दोन त्यांच्यावरून काढतात, आणि ते रंग पण काटकसरीत, लालला ५ बिट, हिरव्याला ६, निळ्याला ५. त्यामुळे ६४ एमबीचं चित्र १६ एमबीत बसतं पण पांढऱ्यावरच्या बारीक नारिंगी अक्षराच्या कडेला मळकट ठिपके येतात. म्हणून डीडीएस उघडून त्यातच दुरुस्त्या करून परत सेव्ह करत बसायचं नाही, ते झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं होतं, मूळ काम गिंपच्या फाइलमध्ये ठेवायचं आणि दर वेळी तिथून नवी डीडीएस काढायची. सेव्ह करताना मिपमॅपवर (लांबून दाखवायला त्याच चित्राच्या लहान-लहान प्रती) टिक करा, नाहीतर लांबून खिडक्या लुकलुकतात, दिवाळीच्या माळेसारख्या.

आणि एफएसएक्समध्ये चित्र खालचं वर करून ठेवावं लागतं. मी काय केलं तर १८० अंशांत फिरवलं. फिरवणं आणि उलटं पाडणं यातला फरक शाळेत आरशाच्या धड्यात शिकवतात तो मी त्या रात्री साडेबाराला परत शिकले, कारण विमानावर सगळी अक्षरं आरशातली दिसत होती. फ्लिप व्हर्टिकल. लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र अल्फाने खाल्ला. आपल्याला वाटतं अल्फा म्हणजे पारदर्शकपणा, पण एफएसएक्सच्या या मॉडेलमध्ये अल्फा म्हणजे चकाकी, जितका काळा तितका आरसा, जितका पांढरा तितकं खडूसारखं. फोटोशॉपमध्ये तो वेगळ्या चॅनेलमध्ये पडून असतो, हात लावा, रंगवा, मूळ रंगाला काही होत नाही. गिंप मात्र त्याला पारदर्शकच समजतो, त्यामुळे पोट चकचकीत करायला अल्फा काळा केला की पोट पडद्यावरून गायबच होतं आणि आपण घाबरून अनडू करतो. त्याची युक्ती अशी की लेअर मास्क घालताना 'लेअरचा अल्फा चॅनेल हलवा' या अर्थाचा पर्याय निवडायचा, मग अल्फा मास्कमध्ये करड्या चित्रासारखा दिसतो, तिथे रंगवायचं, आणि एक्स्पोर्टच्या आधी मास्क लागू करायचा. चंदेरी पोटासाठी मी मास्क बराच गडद केला, वरच्या पांढऱ्यासाठी फिका, आणि पहिल्यांदा ते विमान धावपट्टीवर उभं करून कॅमेरा फिरवला तेव्हा पोटावर खालचं डांबर दिसलं. मी एकटीच ओरडले. मुलगा दार उघडून बघून गेला.

बाकी कुणाकडे एक्स-प्लेन हा दुसरा सिम्युलेटर असेल तर तुमचं आयुष्य फारच सोपं आहे, लिव्हरीजच्या (विमानाच्या रंगसंगतींच्या) फोल्डरमध्ये आपलं फोल्डर करून पीएनजी टाकली की तो वाचतो, डीडीएसच्या भानगडीत नाही पडलं तरी चालतं, म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. मायक्रोसॉफ्टच्या २०२० वाल्या सिम्युलेटरमध्ये उलट, एका जागेसाठी तीन चित्रं, रंगाचं वेगळं, खडबडीतपणा आणि धातूचं वेगळं, उंचसखलपणाचं वेगळं, आणि नवीन फाइल टाकली की लेआउट डॉट जेसनमध्ये तिची नोंद नसेल तर सिम्युलेटर तिला ओळखही दाखवत नाही. म्हणून कुणी "रिपेंटसाठी कुठलं सॉफ्टवेअर" विचारलं की मी आधी विचारते, सिम्युलेटर कुठला आणि किट कशात आलंय. त्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल.

तर मागच्या रविवारी झालं एकदाचं. कॉन्फिग फाइलमध्ये ओळी घातल्या, नंबर चुकवला, विमान यादीत दिसेना, नंबर बरोबर केला, दिसलं. संध्याकाळची वेळ लावली, वाशीवरून २७ ला येणारं एअरबस ए-३२०, बाहेरचा कॅमेरा, हिंदी नावाची बाजू. बाबांना खुर्चीवर बसवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा वर करून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"रंग बरोबर आहे. चाकं चुकली."

"कसली चाकं?"

"अगं आपल्या ए-३२० ना मागच्या पायांना चार-चार चाकं होती. बाकी जगात दोन-दोन. मी दुर्बिणीतून मोजलेली आहेत."

शोधलं तर खरंच की, इंडियन एअरलाइन्सने आपल्याकडच्या धावपट्ट्या बघून चार चाकांचा पाय मुद्दाम मागवून घेतला होता. आणि चाकं काही रंगवून वाढत नाहीत, ते मॉडेलचं काम. बाबा म्हणाले, "मग तेही सॉफ्टवेअर डाउनलोड कर ना." मी सध्या तरी ऐकलं नाही असं दाखवलंय.