नाव जुळत नाही: काकांचं एन्लार्जरचं भिंग आणि माझा डिजिटल कॅमेरा

‘नाव जुळत नाही.’ या तीन शब्दांत माझा अख्खा जुलै गेला. पार्सल मुंबईत येऊन पडलेलं, मी कोल्हापुरात, आणि मधे एक वेबसाइट. अजून आठवलं की डोकं तापतं. कुणाच्या माळ्यावर एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायचं डार्करूमचं यंत्र) पडून असेल आणि त्याचं भिंग डिजिटल कॅमेऱ्याला लावायचं मनात असेल, तर त्याचे तरी सहा आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

काका गेल्या श्रावणात गेले. त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण डार्करूम तशीच होती. ट्रे, चिमटे, लाल दिवा, भिंतीत मुरलेला हायपोचा (फोटो पक्का करायच्या रसायनाचा) वास, आणि चादरीखाली झाकलेला एन्लार्जर. वर्षश्राद्धाला त्यांचा मोठा फोटो करून लावायचा असं ठरलं आणि तेव्हा लक्षात आलं की फोटोच नाही. अर्ध्या पेठेची लग्नं काढलेल्या माणसाचा स्वतःचा एकही धड फोटो घरात नव्हता. डबे उपसताना काकूला पस्तीस एमएमची एक पट्टी मिळाली. हाताखालच्या पोरानं रोल संपवायला म्हणून उरलेल्या फ्रेम मारल्या होत्या. त्यातल्या दोनात काका होते, स्टुडिओच्या दारात उभे, बाह्या दुमडलेल्या. ती पट्टी बाहेर कुणाच्या हातात द्यायला काकू तयार होईना. म्हणाली, “त्यांचं भिंग आहे, तुझा कॅमेरा आहे. घरातच कर.”

भिंग म्हणजे एल-निक्कोर ५० मिलिमीटर, २.८ चं, ‘एन’ मॉडेल. एन्लार्जरची भिंगं निगेटिव्ह कॉपी करायला का चांगली, हे थोडक्यात सांगतो. त्यांचं आयुष्यभराचं काम एकच: सपाट निगेटिव्ह सपाट कागदावर उतरवणं. मधला भाग स्वच्छ आणि कोपरे मऊ, असं तिथं चालतच नाही. आपण तोच रस्ता उलट्या दिशेनं चालतो, कागदाच्या जागी निगेटिव्ह आणि निगेटिव्हच्या जागी सेन्सर. तशाच कामाच्या कॅमेऱ्याच्या मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायच्या) लेन्सची किंमत बघा, आणि जुन्या बाजारात या भिंगांना काय भाव आहे तो बघा.

अडचण एवढीच की भिंगाला फोकसची रिंग नसते. एन्लार्जरमध्ये ते काम भाता करतो. म्हणून भिंग आणि कॅमेरा यांच्यात लांबी कमी-जास्त करता येईल अशी नळी लागते, तिला हेलिकॉइड म्हणतात. मी ३६ ते ९० मिलिमीटर लांबीचं, दोन्हीकडे एम-४२ (४२ मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांचं हेलिकॉइड हाँगकाँगच्या एका विक्रेत्याकडून मागवलं. तारीख १४ जून. आठ दिवसांत ते मुंबईत. मी खूश.

मग ईमेल आला. केवायसी भरा, नाहीतर पार्सल जकातीतून सुटणार नाही. आधार चढवलं. तीन दिवसांनी उत्तर: नाव जुळत नाही. आधारवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ऑर्डर देताना मी वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर लिहिलं होतं. बास, एवढंच. पॅन चढवलं, त्यावरही पूर्ण नाव. पुन्हा तीन दिवस, पुन्हा तेच वाक्य. फोन केला की आधी दहा मिनिटं संगीत, मग एक नम्र आवाज, “सर, तक्रार नोंदवली आहे, ४८ तासांत संपर्क करू.” कुणीही केला नाही. पाचव्या फोनला मी त्या मुलाला विचारलं, “अहो, महाराष्ट्रात प्रत्येक माणूस मधे वडिलांचं नाव लावतो. रोज शेकडो पार्सलं येत असतील, सगळ्यांना हेच सांगता का?” तो म्हणाला, “सर, सिस्टिम घेत नाही.” त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता हे कळत होतं, तरी चिडलो.

मग मला वाटलं बिलच बदलून घ्यावं. विक्रेता भला माणूस. एका रात्रीत पूर्ण नावाचं नवं बिल पाठवलं. ते चढवलं, तर आता बिलावरचं नाव आणि पार्सलवर चिकटवलेल्या पावतीवरचं नाव वेगळं! म्हणजे जे नीट करायला गेलो त्यानंच आणखी आठ दिवस खाल्ले. ही चूक करू नका. पार्सल निघाल्यावर कागद बदलू नका, जसे आहेत तसे ठेवून खुलासा द्या.

आणि नाव मार्गी लागतंय म्हणेपर्यंत नवा प्रश्न आला. बिलावर वस्तूचं वर्णन ‘लेन्स’ शब्दानं सुरू होत होतं. ही कॅमेऱ्याची लेन्स आहे का, वापर कशासाठी, माहितीपत्रक जोडा. नळीत काच नाही, आरपार दिसतं, बोट घातलं तर दुसरीकडून बाहेर येतं. हे कागदावर कसं लिहायचं, याचा मी एक संध्याकाळभर विचार केला. दरम्यान विनाभाड्याचे दिवस संपून गोदामाचं भाडं चालू झालेलं. बाहेर धो धो पाऊस, वर्षश्राद्ध पुढ्यात, आणि काकू रोज विचारायची, “आलं का रे ते?”

शेवटी ज्यानं काम झालं ते असं. एकच पीडीएफ केली. पहिलं पान माझं पत्र: अमुक आद्याक्षराचं नाव आणि आधारवरचं पूर्ण नाव ही एकाच व्यक्तीची आहेत, वस्तू धातूची पोकळ नळी आहे, तिच्यात काच किंवा विजेचा भाग नाही, स्वतःच्या वापरासाठी आहे, विकायची नाही. खाली सही. मग आधार, मूळ बिल, ज्या खात्यातून पैसे गेले त्याच्या उताऱ्यातली ती एक ओळ, आणि विक्रेत्याच्या पानावरचा नळीचा आरपार फोटो. हे सगळं सुटं सुटं मी आधीही दिलं होतं. एकत्र दिल्यावर चार दिवसांत सुटलं. जकात, कुरिअरचा आकार आणि गोदामभाडं मिळून नळीच्या निम्म्या किमतीएवढा भुर्दंड. म्हणून ऑर्डर देतानाच आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, नाव टाका, आणि विक्रेत्याला सांगा की वर्णनात ‘धातूची नळी, काच नाही’ असं लिही.

पण मला खरं सांगायचंय ते पुढंच. पार्सल यायच्या आधीच फोटो झाला होता.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, अगदी हताश होऊन, मी भिंग रुमालात गुंडाळून आमच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. लेथवर बसलेल्या मिस्त्रींना म्हटलं, याचे आटे मोजता का? त्यांनी पिच गेज काढला, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर (पिच) मोजायच्या दातेरी पानांचा जुडगा. एक मिलिमीटरचं पान लावलं, उजेडाला धरलं, मान हलवली. मग इंची गेजचं २६ चं पान लावलं, ते चपखल बसलं. “इंचाला सव्वीस. व्हिटवर्थ हाय हे, मिलिमीटरचं न्हाई.” व्हिटवर्थ म्हणजे जुने इंची मापाचे आटे. ३९ मिलिमीटर व्यास आणि इंचाला २६ आटे, हे लायका कॅमेऱ्यांच्या जुन्या स्क्रू माउंटचं (भिंग जिथं फिरवून बसवतात त्या तोंडाचं) माप. एन्लार्जरच्या बहुतेक भिंगांना तेच असतं. २५.४ भागिले २६ म्हणजे ०.९७७ मिलिमीटर. एक मिलिमीटर पिचच्या रिंगेत ते दोन-तीन फेरे जातं आणि मग आवळतं. तिथं जोर लावू नका, भिंगाचे आटे जातील.

लायकाचा तयार अडॉप्टर मी आधीच घेऊन बसलो होतो, तेही सांगून टाकतो. भिंग त्यावर झक्कास बसतं, पण फोकस कशावरच होत नाही. लायकाचं भिंग सेन्सरपासून २८.८ मिलिमीटरवर बसतं, एन्लार्जरच्या ५० च्या भिंगाला लांबच्या वस्तूसाठीसुद्धा चव्वेचाळीसच्या आसपास लागतात. आटे सारखे आहेत म्हणून अंतर सारखं नसतं. आणि ज्यांच्याकडे आरसेवाला डीएसएलआर आहे त्यांनी ५० च्या भिंगानं लांबचं काढायची आशा धरू नये, निकॉनचं तर तोंडापासून सेन्सरपर्यंतचं अंतरच ४६.५ आहे. जवळच्या कामाला तेही चालतात.

मिस्त्रींच्या बाकड्यावर बसून हिशोब केला. माझा कॅमेरा सोनी ए-६०००, सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद, निगेटिव्हची फ्रेम ३६. म्हणजे ०.६ पट, थोडी कड मोकळी ठेवून. त्यासाठी लांबच्या वस्तूचे ४४ आणि वर ५० चे ०.६ पट म्हणजे ३०, असं भिंग सेन्सरपासून ७४ वर. कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतच १८ असतात, एम-४२ ची पातळ रिंग १, उरले ५५. निगेटिव्हची कॉपी करताना आकार दरवेळी तोच असतो, मग नळी लांब-आखूड व्हायची गरजच काय? ठरावीक लांबीची चालते, फोकस कॅमेरा वर-खाली करून होतो. हे मला जूनमध्ये सुचलं असतं तर! मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या बारमधून दीड तासात नळी काढून दिली, एका टोकाला बाहेरून एम-४२, दुसऱ्याला आतून सव्वीसचे आटे. साडेसहाशे रुपये. कुणी ना आधार मागितलं, ना वडिलांचं नाव विचारलं.

पहिले फोटो धुरकट आले, मधोमध पांढुरकं. मला वाटलं भिंगात बुरशी. टॉर्च मारून बघितलं, स्वच्छ होतं. दोष नळीचा. आतून चकाकणारं ॲल्युमिनियम उजेड उडवतं. आत काळा वेलवेट पेपर चिकटवला, निम्मं गेलं. उरलेलं या ‘एन’ मॉडेलच्या खिडकीमुळं. अंधारात छिद्राचे (ॲपर्चरचे) आकडे दिसावेत म्हणून दिव्याचा थोडा उजेड भिंगाच्या आतून आकड्यांपर्यंत आणलेला असतो. कॅमेऱ्यावर तोच मार्ग उलटा चालतो आणि बाहेरचा उजेड सेन्सरवर पडतो. काळी इन्सुलेशन टेप एक वेढा, काम झालं. रोडागॉन आणि कंपोनॉन-एस या एन्लार्जरच्या दुसऱ्या भिंगांनाही अशी खिडकी असते.

बाकीचं भराभर झालं. एन्लार्जरचं डोकं काढलं आणि त्याच्याच खांबावर कॅमेरा खाली तोंड करून बांधला. त्याहून हलणार नाही असा स्टँड बाजारात मिळणार नाही. पट्टी एन्लार्जरच्याच कॅरिअरमध्ये (निगेटिव्ह सपाट धरायच्या चौकटीत), खाली एलईडी पॅनेल, मधे चार बोटं अंतर सोडून दुधी ॲक्रिलिक. छिद्र ८ वर, दोन सेकंदांचा टायमर. हो, कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करायला विसरू नका, नाहीतर बटण दाबून काहीच होत नाही आणि माणूस अडॉप्टरला दोष देत बसतो. एकास एकपेक्षा मोठं काढायचं असेल तर भिंग उलटं लावा.

स्क्रीनवर निगेटिव्ह उलटवली आणि काकांच्या दुमडलेल्या बाहीची शिवण दिसली. दाराच्या काचेवर उलट्या अक्षरात स्टुडिओचं नावही वाचता येत होतं. काकू बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “हा शर्ट मीच शिवला होता.” १२ बाय १८ ची प्रिंट केली, वर्षश्राद्धाला लावली. हेलिकॉइड त्यानंतर तीन दिवसांनी आलं. चांगलं आहे, वापरतोय, पण तेवढ्यासाठी थांबायची गरज नव्हती.

पेठेतल्या लग्नांचे अजून अकरा डबे आहेत. पाऊस आहे तोवर भिंग सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो आणि दर रविवारी एक डबा काढतो.