तेरडा, टाकळा, कुर्डू

शाळेच्या आठवणी लिहिणारे स्मरणिकेत पुष्कळ असतील. चित्रकलेच्या तासाला हाताला जे वळण लागलं, तेवढंच मी लिहितो: तेरडा, टाकळा, कुर्डू ही रानफुलं जलरंगात कशी रंगवायची. आत्ताच्या पाचवी-सहावीच्या मुलांच्या ते कामी येईल.

ठाण्यात रानफुलं शोधत फिरावं लागत नाही. श्रावण-भाद्रपदात येऊरचा रस्ता बघा, नाहीतर एखादा मोकळा प्लॉट. येऊर राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथलं काही तोडायचं नाही. गौरींच्या आधी बाजारात तेरड्याच्या जुड्या येतातच.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या. साध्या चित्रकलेच्या वहीचा कागद पाण्याने फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि बोल ब्रशला लागतो. गोल ब्रश दोन पुरेत, २ आणि ६ नंबरचे. रंग पाच: लेमन यलो, क्रिमसन लेक, अल्ट्रामरीन ब्लू, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना. काळा नकोच, पिवळ्याची सावली काळ्याने केली की ती मळकट हिरवी होते.

सुरुवात तेरड्याने करा, आणि आधी फूल, मग पानं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तोडलेलं फूल तेवढंही तग धरत नाही. पेन्सिलने पहिली रेघ देठाची. पान जिथे देठाला जोडलेलं असतं त्या बेचक्यातून फूल निघतं आणि पानाखाली लोंबतं. बहुतेक जण ते शेंड्यावर नेऊन बसवतात. शिवाय समोरून पाच सारख्या पाकळ्यांचं गोल फूल काढतात, तो तेरडा होतच नाही. बाजूने बघा: मागे बारीक, वाकडी शेपटी दिसेल. ती काढली की फूल लगेच ओळखू येतं.

हरभऱ्याच्या डाळीएवढा क्रिमसन, त्यात अल्ट्रामरीनचा कण आणि पाव चमचा पाणी. पाकळीच्या अरुंद टोकाशी ब्रशचं टोक टेकवा, पोट दाबत बाहेर न्या, उचला. एका पाकळीला एकच फटकारा. पुन्हा गिरवायचं नाही.

खरी गोची पावसाळ्यातल्या दमट हवेची. कागदाची चमक गेली म्हणजे तो वाळला असं नाही. हाताची मागची बाजू टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. अशा अर्धवट ओल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला, की रंग कडेला ढकलला जातो आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो पुसायला जाऊ नका, कागदाचे तंतू निघतात. हेअर ड्रायर वापरायचा तर हातभर लांबून.

टाकळ्याला पिवळा लावण्याआधी पाणी बदला आणि भोवतीच्या पानांआधी फुलं रंगवून घ्या. पानाला पत्रिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, त्या मोजून काढा. सॅप ग्रीन ट्यूबमधून थेट लावला तर पानं प्लास्टिकची वाटतात, त्यात थोडा बर्न्ट सिएना घाला. तेरड्याचं पान दोन फटकाऱ्यांत करा, मधे केसाएवढी कोरी फट ठेवली की शीर आपोआप दिसते.

कुर्डूला पांढरा रंग लागत नाही, कोरा कागदच तुरा होतो. ब्रश फडक्याला टिपून जवळजवळ कोरडा करा, फक्त शेंड्याकडे गुलाबी खरडा आणि खालच्या बाजूला करड्याची पुसटशी सावली द्या. पेनने बाह्यरेषा मात्र काढू नका, तुऱ्याचा सगळा हलकेपणा तिथेच जातो.