पावसाची नोंदवही: फाइलमध्ये तीन-तीन नऱ्हे

पुण्यातल्या पावसाची नोंद ठेवणारी माझी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) आता रोजच्या वापराला लागली आहे. कोथरूड, औंध, बिबवेवाडी, नऱ्हे इथली मित्रमंडळी गच्चीवरच्या मापकातले आकडे मिलिमीटरमध्ये पाठवतात आणि पायथन या भाषेतली ती स्क्रिप्ट भागवार बेरीज करून सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत) लिहिते.

एक्सेलमध्ये मराठीच्या जागी युरोपी अक्षरांचा कचरा दिसायचा, तो प्रश्न मिटला. फाइल मुळात बरोबरच होती. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि एक्सेल एकेक बाइट सुटं अक्षर म्हणून वाचत होतं. 'पुणे'मधल्या ४ चिन्हांची १२ व्हायची. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की फाइलच्या तोंडाशी ३ बाइटची खूण बसते, मग एक्सेल मुकाट्यानं नीट वाचतं. विंडोजवर ओळीआड रिकामी ओळ येत असेल तर फाइल उघडणाऱ्या ओपन फंक्शनमध्ये न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) द्या.

खरी गंमत नऱ्हेनं केली. बेरजेत नऱ्हे तीनदा, प्रत्येकाचा पाऊस वेगळा! डोळ्यांना तिन्ही अगदी सारखे. कडेच्या मोकळ्या जागा काढणारं स्ट्रिप लावून पाहिलं, ढिम्म फरक नाही. लांबी छापली तर ५, ६ आणि ६. मग अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) दाखवणाऱ्या आस्की फंक्शनमधून एकेक नाव काढलं, तेव्हा उलगडा झाला. एकात सरळ ०९३१ म्हणजे अख्खा 'ऱ'. दुसऱ्यात साधा 'र' आणि त्याला जोडलेला नुक्ता (अक्षराखालचा टिंब). तिसऱ्यात 'र', हलन्त (पाय मोडायची खूण) आणि त्यामागे २००डी, म्हणजे न दिसणारा जोडक. ज्याचा जसा कीबोर्ड, तसं त्याचं नऱ्हे. (कोपऱ्यातला, दुसऱ्या, वऱ्हाड, सगळ्यांची हीच कथा. हा त्रास खास आपला. हिंदीवाल्यांना याची झळ फारशी बसत नसावी.)

युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ 'एनएफसी' (सुटे तुकडे जोडून एकच अक्षर करणारं रूप) देऊन चालवलं, तर नुक्तेवाला पहिल्यात विरघळला. जोडकवाला मात्र जागचा हलला नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती निराळीच स्ट्रिंग आहे. त्याच्यासाठी रिप्लेसची एक ओळ हातानं लिहिली: 'र', हलन्त, जोडक हे त्रिकूट दिसलं की 'ऱ' आणि हलन्त. सगळेच जोडक सरसकट उडवू नका. अर्धं अक्षर मुद्दाम सुटं दाखवायलाही तो वापरतात. ही सफाई बेरजेच्या आधी, आकडा वाचतानाच करायची. फाइल लिहिताना केली तर नाव एक दिसेल आणि ओळी तीनच राहतील.

आता क्रमवारी. सॉर्ट केलं की 'ळ' येतो 'ल'च्या पाठोपाठ, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. त्यासाठी सॉर्टला क्रम सांगणारी वेगळी की लिहायला घेतली आहे.